पगाराच्या वहीतली एक आण्याची तिकिटं: शाईचा डाग की प्लेटचा दोष?

साखरपेठकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आजवर इथे फक्त वाचत होतो, पहिलाच धागा काढतोय.

गेल्या महिन्यात आजोळचं घर रिकामं केलं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाल कापडी बांधणीची एक लांबट वही निघाली. आजोबा सोलापुरात साखर पेठेतल्या एका हातमाग कारखान्यात दिवाणजी होते, तिथली ही पगाराची वही. जानेवारी १९४४ ते ऑक्टोबर १९४५, असे बावीस महिने. दर महिन्याला अठ्ठावीस-तीस विणकरांची नावं, पुढे रक्कम. ज्याचा पगार वीस रुपयांच्या वर गेला त्याच्या नावापुढे एक आण्याचं रेव्हेन्यू तिकीट, सहाव्या जॉर्जचं, आणि त्यावर आडवी सही किंवा अंगठा. सह्या तेलुगूत, मराठीत, कानडीत, उर्दूत. एका पानावर चार लिप्या पाहून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

तिकिटं मोजली, ४६१ भरली. भिंगातून बघताना तीन गोष्टी नजरेत आल्या:

फेब्रुवारी ४४ च्या पानावर एका तिकिटाच्या चौकटीची उजवी उभी रेघ खालून साधारण पाव उंचीवर तुटलेली आहे. तुटल्या जागी रेघेचं वरचं टोक आत, राजाच्या बाजूला वाकलंय.

मे ४४ च्या एका तिकिटावर राजाच्या गालाजवळ मधे ठिपका आणि भोवती पांढरं कडं आहे.

नोव्हेंबर ४४ ची जवळजवळ सगळी तिकिटं फिकी आहेत.

यातला प्लेटचा दोष (म्हणजे छपाईच्या ठशातलाच, दर शीटवर येणारा) कुठला आणि नुसता छपाईतला योगायोग कुठला, हे कसं ओळखायचं? तिकिटं पाण्यात सोडवून मागची बाजू बघावी म्हणतोय. कोमट पाणी चालेल का?

---

जुनीपावती

साखरपेठकर, पाणी लावू नका. आधी एवढं ऐका, बाकीचं रात्री सविस्तर लिहितो.

---

आणेपै

मीही तेच सांगायला आलो. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे व्हिक्टोरियाच्या काळातल्या जांभळ्या रेव्हेन्यू तिकिटांची एक पट्टी होती, जुन्या कागदावर चिकटलेली. डाकेची तिकिटं सोडवतात तशी बशीत टाकली. दहा मिनिटांत पाणी जांभळं झालं आणि तिकिटं राखाडी. अजून ती बशी डोळ्यांपुढे येते. नंतर एका प्रदर्शनात तसंच राखाडी तिकीट 'रंगदोष' म्हणून चांगल्या किमतीला विकायला ठेवलेलं दिसलं, तेव्हा कळलं की हा प्रकार माझ्या एकट्याच्या घरी झालेला नाही.

---

जुनीपावती

आता बसून लिहितो.

आणेपै यांनी सांगितलं त्यामागचं कारण असं. रेव्हेन्यू तिकिटाची सरकारला सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे लोक सही धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरतील. त्यावर लंडनच्या डी ला रू छापखान्याने मुद्दाम कच्च्या, पाण्याला न टिकणाऱ्या शाया वापरल्या. सही धुवायला जावं तर तिकीटही धुतलं जावं. जांभळा आणि हिरवा हे त्यातले सगळ्यात नाजूक. त्यामुळे रेव्हेन्यू तिकिटांत 'रंग वेगळा आहे' एवढ्यावर कधीच विश्वास ठेवायचा नाही. पाणी, ऊन, खळ, मागच्या कागदातलं आम्ल यांपैकी कशानेही रंग उतरतो. तुमची तिकिटं नाशिकची आहेत, तिथल्या छापखान्याची स्थापना १९२५ ची. पण सवय तीच ठेवा.

दुसरं कारण तुमच्याच वहीत आहे. त्या काळी अशा सह्या बऱ्याचदा शाईच्या पेन्सिलीने करत. थेंबभर पाणी लागलं तरी ती जांभळी पसरते. तिकीट सोडवलंत तर सही, तारीख, शेजारी, कागद सगळं एकदम जाईल. डाकेच्या तिकिटावर टपाल खात्याचा शिक्का असतो, इथे शिक्क्याच्या जागी सही आहे. १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या कलम १२ प्रमाणे चिकट तिकीट पुन्हा वापरता येणार नाही असं रद्द करावं लागतं, आणि त्याची नेहमीची रीत म्हणजे तिकिटावर सही वा आद्याक्षरं आणि खरी तारीख. वीस रुपयांच्या वरच्या पावतीला एक आणा हेही त्याच कायद्यातलं. म्हणजे कायद्यानेच प्रत्येक तिकिटावर तारीख घालून ठेवली आहे. प्लेटचा दोष शोधणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

आता तुमच्या तीन गोष्टी. फिकी तिकिटं बाजूला ठेवा. एका महिन्याची सगळीच फिकी असतील तर छपाईत शाई कमी पडली असेल, नाहीतर त्या पानावर ऊन किंवा ओल आली असेल. पानावरच्या छापील रेघाही फिक्या झाल्यात का बघा. झाल्या असतील तर तिकिटांचा यात संबंध नाही.

ठिपका आणि कडं हा बहुधा धुळीचा कण. तुटून वाकलेली रेघ मात्र मला झोपू देणार नाही. स्कॅन टाका. १२०० डीपीआयवर करा, त्याखाली नको.

---

दप्तरखाना

वाचतेय. वाचनखूण साठवली.

---

नळदुर्गची_वाट

आमच्याकडे आजोबांच्या काळातले शेतीचे कागद आहेत. त्यावरच्या तिकिटांवर फारसी अक्षरं आणि किंमत मराठीतही आहे. ती या धाग्यात चालतील का?

---

जुनीपावती

ती निजाम सरकारची. सप्टेंबर १९४८ पर्यंत तुमच्या बाजूला हैदराबाद संस्थान होतं, त्यामुळे सोलापुरातून तासाभराच्या वाटेवर तिकिटं बदलायची. हैदराबादच्या तिकिटांवर किंमत इंग्रजी, उर्दू, तेलुगू आणि मराठीत असे. एवढ्याशा जागेत चार लिप्या कोरायच्या म्हटल्यावर दोष बघायला खूप जागा मिळते. कृपया वेगळा धागा काढा, तिथे येतो. इथे मिसळलं तर दोन्हींचा गोंधळ होईल.

---

साखरपेठकर

पाण्याचा विचार सोडला. वेळेवर सांगितलंत, आभार. एक गोष्ट सांगायची राहिली होती: काही तिकिटं डिंक सुकल्यामुळे असेल, मागावरच्या खळीने चिकटवलेली दिसतात. त्यांच्या कडेने पांढरट, खरखरीत थर आहे.

नोव्हेंबर ४४ च्या पानाचं उत्तर मिळालं. पानावरच्या निळ्या आडव्या रेघाही फिक्या आहेत, आणि समोरच्या पानावर पाण्याची कड दिसते. ओलच.

स्कॅन जोडले आहेत. भिंग चाटी गल्लीतल्या एका सराफांकडून मागून आणलं, दहापट मोठं दाखवणारं.

---

ट्रेडलवाला

नमस्कार. मी तिकिटं जमवत नाही. सोलापुरातच ट्रेडल मशीनवर चौतीस वर्षं काढली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गड्ड्याच्या यात्रेची हँडबिलं, सगळं छापलं. मुलीने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय.

त्या तुटक्या रेघेचा फोटो बघितला की मला माझं मशीनच दिसलं बघा. हे शिळाछाप नाही, ऑफसेटपण नाही. उठावाचा ठसा आहे. ओळखायचं कसं, तर रेघेच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा गडद दिसतात. ठसा कागदावर दाबला की शाई कडेला सरकतीय, तिथे साठतीय. शिळाछापमध्ये शाई सपाट बसतीय, कडेला असा बांध येत नाही. सही नसलेल्या जागेवर तिरका उजेड टाका, कागद किंचित दबलेला दिसंल. आम्ही पावतीपुस्तक छापलं की मागच्या बाजूने बोट फिरवून बघायचो, किती दाब बसलाय ते.

आता रेघ. उठावाच्या छपाईत धातू वर आलेला असतोय तेवढाच छापतोय. रेघ पांढरी तुटली म्हणजे तिथला धातू खाली गेला, ठेचला, नाहीतर मोडला. नुसती पांढरी तुटली असती तर मी म्हणालो असतो, मधे कागदाचा कपटा आला असंल, पुढच्या शीटला गेला असंल. पण तुमची रेघ वाकलीय. कपट्याने रेघ झाकतीय, वाकत नाही. वाकायला धातूच वाकावा लागतोय. बाहेरून काहीतरी घसरलं, स्क्रू म्हणा, पान्हा म्हणा, साफ करताना ब्रशची पत्र्याची कड म्हणा, आन् रेघेला आत ढकललं. आमच्याकडे रेघ छापायची पितळी पट्टी, रूल म्हणतो तिला, ती अशीच वाकायची. एकदा वाकली की ती प्लेट असेपर्यंत प्रत्येक शीटवर तशीच येणार.

---

आणेपै

ट्रेडलवाला काका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. 'कपट्याने रेघ झाकते, वाकत नाही' हे मी आल्बमच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

---

जुनीपावती

काकांनी जे सांगितलं ते कॅटलॉग वाचून कळत नाही. एक भर घालतो.

एकाच तिकिटाची उठावाची आणि शिळाछाप अशी दोन्ही रूपं असू शकतात, आणि हा भेद सगळ्यात आधी लावायचा असतो. याच राजाची डाकेची दीड आण्याची आणि तीन आण्याची तिकिटं घ्या. आधी ती शिळाछाप आली, नंतर १९४३ च्या सुमारास उठावाने. चित्र तेच. शिळाछाप जास्त नाजूक आणि स्वच्छ. उठावाच्या शीटच्या समासात रंगाच्या जाड रेघा असतात, त्यांना ज्युबिली रेघ म्हणतात. व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षी, १८८७ साली, ब्रिटनमध्ये निघालेल्या तिकिटांवर त्या पहिल्यांदा आल्या, म्हणून हे नाव. रूळ प्लेटवर चढताना पहिला मार कडेच्या तिकिटांवर बसतो. तो मार या रेघांनी खावा आणि तिकिटं झिजू नयेत, एवढ्यासाठी त्या बसवल्या. शिळाछाप शीटवर त्यांचं काम नाही, म्हणून त्या नाहीत.

साखरपेठकर, वहीत एखाद्या तिकिटाला समासाची पट्टी चिकटून राहिली असेल तर ती फार जपा.

आता मुख्य प्रश्न. काकांच्या बोलण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, तरी एका तिकिटावरून प्लेटचा दोष सिद्ध होत नाही. दुसरं हवं. तसंच तुटलेलं, तसंच वाकलेलं, शीटवर त्याच जागी. तुमच्याकडे ४६१ आहेत. दिवाणजींनी पोस्टातून शीट आणून ओळीने फाडून लावली असतील तर हा दोष पुन्हा कुठेतरी यायलाच हवा. सगळी वही परत बघा. फक्त उजव्या रेघेचा खालचा भाग बघत चला, बाकी काही बघू नका. डोळे दमले की थांबा, नाहीतर नसलेलंही दिसायला लागतं.

---

दप्तरखाना

एक शंका. १९३० च्या सुमाराच्या आमच्या घरच्या पावत्यांवर रेव्हेन्यूचं वेगळं तिकीटच नाही, डाकेचं एक आण्याचं लावलंय आणि त्यावर सही आहे. हे चुकून लावलं का? त्यातली एक पावती मे १९३० ची आहे, सोलापुरात मार्शल लॉ लागला त्या महिन्यातली. तेव्हा रेव्हेन्यू तिकीट मिळत नव्हतं म्हणून असं केलं असेल, असं घरात सांगतात.

---

जुनीपावती

ताई, ती पावती जपा, पण कारण वेगळं आहे. १९०६ मध्ये सातव्या एडवर्डच्या अर्ध्या आण्याच्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' असे शब्द आले. म्हणजे एकच तिकीट पत्रालाही चाले आणि पावतीलाही. पाचव्या जॉर्जच्या काळात तेच पुढे चाललं. तुमच्या पावतीवरच्या तिकिटावर भिंग धरा, तिथे 'रेव्हेन्यू' वाचता येईल. १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जची डाकेची तिकिटं आली त्यांवर नुसतं 'पोस्टेज' आहे, म्हणून साखरपेठकरांच्या वहीत रेव्हेन्यूचं वेगळं तिकीट आहे.

याच्या उलटंही झालंय. १८६६ मध्ये सहा आण्याचं डाकेचं तिकीट तातडीने हवं होतं. तेव्हा फॉरेन बिलाच्या, म्हणजे परदेशी हुंडीवर लावायच्या, रेव्हेन्यू तिकिटांचा वरचा आणि खालचा भाग कापून टाकला, उरलेल्यावर 'पोस्टेज' छापलं आणि तीच डाकेला वापरली. आज ते तिकीट डाकेच्या कॅटलॉगमध्ये मानाने बसलंय. रेव्हेन्यूवाल्यांना संग्राहकांच्या बैठकीत दाराजवळची खुर्ची देणाऱ्यांना मी हे तिकीट नेहमी दाखवतो.

---

दप्तरखाना

बघितलं. अक्षरं बारीक आहेत पण 'रेव्हेन्यू' आहे. इतकी वर्षं आम्ही ती गोष्ट घरात चुकीची सांगत होतो. पावतीवरची तारीख मात्र खरी आहे, ती मला पुरे.

---

साखरपेठकर

तीन रात्री बसलो. एकूण चार सापडली.

फेब्रुवारी ४४, सप्टेंबर ४४, मार्च ४५ आणि ऑगस्ट ४५. चारही ठिकाणी उजवी रेघ त्याच उंचीवर तुटलेली, वरचं टोक आत वाकलेलं. चौथं सापडलं तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते, घरात कुणाला उठवून सांगावं कळेना.

गालाजवळचं कडंही दुसऱ्यांदा सापडलं, जून ४४ मध्ये, अगदी त्याच जागी. म्हणजे तोही प्लेटचाच दोष धरायचा का?

---

ट्रेडलवाला

घाई करू नका. कड्याचं सांगतो. वाळलेल्या शाईची पापडी किंवा धूळ ठशावर बसली की ती स्वतः शाई घेतीय आन् छापतीय, तो तुमचा मधला ठिपका. पण ती जाडीने कागदाला वर उचलून धरतीय, म्हणून भोवतीचा भाग कोरा राहतोय, ते तुमचं कडं. अशी पापडी एका शीटवर बसली तर पुढच्या शंभर शीटवरपण बसलेली असू शकतीय. मशीन थांबवून कुणी पुसेपर्यंत ती तिथंच. म्हणून मे आणि जूनला दोन्ही मिळाली. एकाच गठ्ठ्यातली शीटं पोस्टात आली असणार.

---

जुनीपावती

काकांनी नेमकं सांगितलं. आपल्या छंदात इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. दोन नमुने सारखे मिळाले की लोक 'कायमचा दोष' लिहून मोकळे होतात. पण ते दोन एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यात छापलेले असतील तर त्याने काही सिद्ध होत नाही. नमुन्यांमध्ये काळाचं अंतर हवं. तुमची तुटकी रेघ अठरा महिन्यांवर पसरली आहे, कडं दोन महिन्यांत संपलं. जूननंतर ते परत दिसलं का?

आणि आता सगळ्यात कष्टाचं काम. शेजारी शोधा. दोष शीटवर एकाच जागी असेल तर त्याचा डावीकडचा शेजारी चारही वेळा तोच असला पाहिजे. त्या शेजाऱ्यावर एखादी बारीकशी खूण असेल, एखादा ठिपका, एखादं कापलेलं अक्षर. वहीत तिकिटं एकाखाली एक लावली आहेत, तेव्हा वरच्या नावापुढचं तिकीट हा बहुधा शीटवरचा डावा शेजारी. पण 'बहुधा' वर थांबू नका. दात जुळवा. दोन तिकिटं हाताने फाडली की एकाचा दात लांब राहतो तिथे दुसऱ्याचा आखूड. स्कॅनमध्ये दोन्ही कडा शेजारी आणून ठेवा, किल्ली कुलपात बसते तशा बसल्या पाहिजेत.

---

साखरपेठकर

जूननंतर कडं कुठेच नाही, पुन्हा सगळी वही बघितली.

आता शेजारी. आज दिवसभर हेच केलं.

फेब्रुवारी ४४: वरच्या नावापुढच्या तिकिटावर किमतीच्या पट्टीखाली डाव्या बाजूला एक रंगीत ठिपका आहे, टाचणीच्या टोकाएवढा. दात जुळले. चौदापैकी दहा स्पष्ट, बाकीच्यांवर खळ आहे.

मार्च ४५: वरच्या तिकिटावर तोच ठिपका. दात जुळले.

ऑगस्ट ४५: वरचं तिकीटच नाही. त्या महिन्यात वरच्या माणसाचा पगार वीसच्या आत होता. त्याच्याही वरच्या नावापुढे ठिपक्याचं तिकीट आहे आणि दात जुळतात. मधल्या नावाच्या रकान्यात 'आजारी, ९ दिवस' असं आजोबांच्या अक्षरात लिहिलंय.

सप्टेंबर ४४ ने मात्र दमवलं. वरच्या तिकिटावर ठिपका नाही, दात जुळत नाहीत. मला वाटलं सगळंच कोसळलं. मग खालचं तिकीट बघितलं. ठिपका तिथे! दातही जुळले. म्हणजे त्या महिन्यात ओळ उजवीकडून फाडत लावली. कारण शोधायला पान नीट बघितलं तर त्या महिन्याचं अक्षरच आजोबांचं नाही. दुसऱ्या कुणीतरी पगार वाटला आहे. आईला विचारलं, तिला काही आठवत नाही, ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

अजून एक. फेब्रुवारी आणि मार्चच्या दोन्ही तुटक्या रेघांच्या तिकिटांना उजवीकडे समासाची पट्टी राहिली आहे. मार्चच्या पट्टीवर शाईची जाड उभी रेघ अर्धी दिसते.

---

जुनीपावती

साखरपेठकर, मी हे दोनदा वाचलं.

उजवीकडे समास, म्हणजे तिकीट शीटच्या शेवटच्या उभ्या रांगेतलं. डावीकडे ठिपक्याचा शेजारी, चारही वेळा. समासात जाड रेघ, म्हणजे काकांनी भिंगातून सांगितलेलं उठावाचं काम समासानेही सांगितलं. आणि कडेच्या रांगेतलं तिकीट म्हणजे बाहेरून घसरलेल्या वस्तूचा मार पहिल्यांदा जिथे बसेल ती जागा. काकांनी मार बाहेरून आत म्हटलं होतं तेव्हा त्यांना समासाचं माहीत नव्हतं.

हा प्लेटचा दोष आहे. माझ्या बाजूने मला आता शंका नाही.

---

आणेपै

जबरदस्त काम. एक भाबडा प्रश्न, याची किंमत काय होईल?

---

जुनीपावती

सुटं एक आण्याचं तिकीट किलोने मिळतं. ही वही विकायला काढली तर घेणारा ती फाडून चार तिकिटं ठेवेल आणि बाकीची टाकेल. म्हणून कृपया तो विषय इथे नको.

---

ट्रेडलवाला

साखरपेठकर, चारही फोटो एकाखाली एक लावा, तारखेप्रमाणे. मला तुटीची लांबी बघायचीय. वाकलेली रेघ दाब खात राहिली तर अजून मोडती. पहिल्या आन् चौथ्यात फरक असला पाहिजे.

---

साखरपेठकर

काका, फरक आहे. स्कॅनवर मोजलं. फेब्रुवारी आणि सप्टेंबर ४४ मध्ये तूट जवळपास सारखी. मार्च ४५ मध्ये ती दीडपट झाली. ऑगस्टमध्ये वाकलेलं टोकच गेलंय, तिथे फक्त एक बारीक कण उरलाय. मी ऑगस्टचं तिकीट आधी 'टोक वाकलेलं' म्हणून लिहिलं होतं, ते घाईत लिहिलं. वरच्या प्रतिसादात तेवढं चुकलं.

---

ट्रेडलवाला

मोडलं टोक. व्हायचंच होतं ते. आता एवढंच की कारागिराने ते बघितलं की नाही. आमच्याकडे असं झालं तर रूल काढून दुसरी घालायचो. तिकिटाच्या प्लेटवर तसं करता येत नाही, पण रेघ भरून, घासून नीट करता येती. तशी केली असंल तर पुढच्या तिकिटांवर त्या जागी रेघ जरा जाड नाहीतर वाकडी दिसंल. ठिपक्याचा शेजारी घेऊन बघा.

रविवारी सकाळी वही घेऊन या. माझ्याकडे मशीनवरचं जुनं भिंग आहे, पायावर उभं राहणारं, हात हलत नाही. वही उन्हात उघडू नका, पोत्यात पण नको, सुती कापडात गुंडाळून आणा.

---

साखरपेठकर

येतो काका, नक्की. चहा नको, फक्त टेबल रिकामं ठेवा, वही उघडली की दोन हात लांब होते.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर ४५ ची तिकिटं आज पुन्हा बघितली. ठिपक्याचं एकही नाही, म्हणजे ती जागा त्या दोन महिन्यांत वहीत आलीच नाही. मधली तिकिटं कारखान्याच्या इतर पावत्यांना गेली असणार. वही इथेच संपते. १९४५ च्या दिवाळीनंतरची किंवा ४६-४७ ची पगाराची वही, पावत्यांचा गठ्ठा, सोसायटीचं रजिस्टर, काहीही कुणाकडे असेल तर आधी ठिपका शोधा: किमतीच्या पट्टीखाली, डावीकडे. तो मिळाला की त्याच्या उजवीकडचं तिकीट बघा. रेघ तुटकी आहे, मोडलेली आहे की भरलेली, एवढंच कळवा.

---

दप्तरखाना

माझ्या सासऱ्यांच्या मामांकडे मिलमधल्या कामगारांच्या पतपेढीचं रजिस्टर आहे, १९४६ चं. हप्त्याच्या पावत्यांवर तिकिटं लावलेली मी स्वतः पाहिलीत. शुक्रवारी जाऊन आणते. पाणी नाही, ऊन नाही, स्कॅन १२०० वर. ठिपका पट्टीच्या खाली की पट्टीवर, तेवढं एकदा मोठा फोटो टाकून दाखवा.

---

साखरपेठकर

पट्टीच्या खाली, बाहेरच्या चौकटीला न टेकता. मोठा फोटो जोडलाय, लाल बाण काढून.